मागच्या बॅचचा मांडव भुंग्याने खाल्ला, आता आमचं काय?

प्रश्न: आम्ही बडोद्यात आर्किटेक्चरच्या सेकंड इयरला आहोत, ११ जणांचा ग्रुप. कॉलेजच्या मागे १० बाय १० फुटांचा बांबूचा मांडव करायचाय, बसायला, चहा प्यायला. मागच्या बॅचने केला होता त्यातून सहा महिन्यांत पिवळसर पीठ गळायला लागलं आणि पावसाळ्यात दोन खांब बुडातून कुजले. आमचं डिझाइन लॅपटॉपवर मस्त झालंय, पण बांबू आणायचं म्हटलं की सगळे गप्प! सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: अगं, लॅपटॉप जरा मिटून ठेव. स्क्रीनवर बांबू म्हणजे एकसारखा पाइप, खरा बांबू बुडाला जाड, शेंड्याला बारीक, मध्येच वाकडा, त्यामुळे आधी बांबू आणा, मोजा, मगच ड्रॉइंग पक्कं करा.

ते पीठ भुंग्याचं. बांबूतल्या स्टार्चवर तो जगतो, म्हणून थंडीत तोडलेला, तीन-चार वर्षांचा बांबू मागायचा, कोवळा नको, तो वाळताना जास्त आकसतो. मानवेल ही बांबूची जात मिळाली तर उत्तम, भरीव असते, बोल्ट चांगला धरते. मग भुंगा लागू नये म्हणून १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून, खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरून त्या पाण्यात बांबू आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचा, पोकळ बांबू असेल तर आधी लांब सळईने आतल्या गाठी फोडायच्या, नाहीतर पाणी आत शिरणार कसं? वाळवायचं सावलीत, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो तडकतोच. म्हणजे दिवाळीनंतरच कामाला लागा, होळीला सुचून उपयोग नाही.

पण बांबूत मुरलेलं हे बोरॅक्स पावसाने धुऊन जातं हं! म्हणून छप्पर चारी बाजूंनी दोन-अडीच फूट बाहेर काढा, आणि खांब मातीत पुरायचे नाहीत, मागच्या बॅचचं तिथेच चुकलं असणार. दीड फूट उंच काँक्रीटचा ओटा, त्यातून वर आलेली सळई, तिच्यावर खांब. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते आठव.

खरी मजा जोडात आहे. खिळा ठोकला की बांबू फाटलाच. ड्रिलने भोक पाडून बोल्ट घालायचा, तोही गाठीजवळ, पोकळ पेरात आधी सिमेंटचा मसाला भरून. पतंगाची कमान वाकवून पाहिलीयस ना? सालीकडचे तंतू दाट असतात, जोर तिथे असतो, म्हणून शोभेसाठी साल तासू नका. एक जोड पूर्ण मापाचा करून त्यावर दोघांनी लोंबकळून बघा, ११ जणांचा वाद तिथेच मिटेल. दोरीने बांधलंत तर बांबू आकसला की ती सैल पडते, परत आवळावी लागते. आणि असला हलका मांडव वजनाने पडत नाही, वारा खालून शिरून उचलतो, तेव्हा खांबांमध्ये तिरके बांबू द्या आणि छप्पर खांबांना बोल्टने घट्ट धरून ठेवा.

शेवटी, खड्ड्यातलं उरलेलं पाणी कॉलेजच्या झाडांना घालू नका, बोरॅक्समधलं बोरॉन जास्त झालं की पानं करपतात आणि माळीकाका तुमच्यावर उखडतील.