सहा मिनिटांच्या लढतीसाठी पाच किलोमीटर कशाला पळायचे?

पॅरिस ऑलिम्पिकमधील तायक्वांदोच्या लढती पाहून आपण दोन प्रश्न विचारले आहेत. खेळाडू बराच वेळ किक न मारता जागच्या जागी उसळत राहतात, ते दम राखण्यासाठी का, हा पहिला. आणि लढत जेमतेम 6 मिनिटांची असताना आपल्या मुलीला तिचे प्रशिक्षक रोज पाच किलोमीटर का पळवतात, हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

एक चढाई एक-दोन सेकंदांत आटोपते आणि तिला लागणारी शक्ती स्नायूंत आधीच साठवलेली असते. हा साठा पुढच्या चढाईपूर्वी पुन्हा भरावा लागतो आणि ते काम प्राणवायूवर चालते. सराव-लढतींच्या मोजमापात एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा याच मार्गाने आल्याचे आढळले आहे. त्यामुळे पळणे वाया जात नाही, पण एकाच संथ गतीने पळून भागत नाही.

आता उसळण्याविषयी. तो विसावा नव्हे. पोटऱ्या अखंड काम करत असतात, आणि पुढचा पाय उचलून प्रतिस्पर्ध्याला अडवताना उभ्या पायाच्या खुब्याभोवतीचे स्नायू भरून येतात. शिवाय उसळणे म्हणजे प्रतिस्पर्धी हुलीला फसतो का, याची चाचपणी असते. चुकीच्या वेळी मारलेली किक येथे फार महाग पडते. इलेक्ट्रॉनिक हुगू, म्हणजे आघात मोजणारे छातीवरचे कवच, नुसत्या स्पर्शाला गुण देत नाही; प्रत्येक वजनगटासाठी आघाताची किमान मर्यादा ठरलेली असते. दमलेल्या खेळाडूची किक नेमक्या जागी बसते, प्रेक्षक ओरडतात, आणि फलकावर काहीच उमटत नाही. थकव्याचा एवढा रोख हिशेब करणारे खेळ थोडेच असतील.

2022 पासून लढतीचा वेगही बदलला. पूर्वी तिन्ही राउंडचे गुण एकत्र मोजत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 49 किलो गटाच्या अंतिम लढतीत थायलंडची पानिपाक वोंगपट्टनाकिट अखेरच्या काही सेकंदांपर्यंत एका गुणाने मागे होती; हुगूवर बसलेल्या एका किकचे 2 गुण मिळाले आणि तिने स्पेनच्या आद्रियाना सेरेसोला 11-10 असे हरवले. आता तीनपैकी दोन राउंड जिंकावे लागतात आणि प्रत्येक राउंड शून्यापासून सुरू होतो. राउंडमध्ये 12 गुणांचा फरक पडला किंवा एखाद्याचे 5 गमजम (नियमभंगाचे दंड) झाले की तो राउंड तिथेच संपतो. त्यामुळे सुरुवातीला हात राखून खेळून शेवटी झडप घालण्याचा जुना हिशेब फारसा चालत नाही. उलट हातचा गेलेला राउंड ओढून न धरता पुढच्यासाठी दम वाचवणे, ही आता रीतसर डावपेचाची गोष्ट झाली आहे. मला स्वतःला जुनी पद्धत पाहायला अधिक रंगतदार वाटत असे, पण खेळाडूच्या शरीराला नवी पद्धत अधिक न्याय्य आहे, कारण दोन राउंड सरळ जिंकणारा 2 मिनिटे वाचवतो.

आणि त्या 2 मिनिटांना मोल आहे, कारण खरी परीक्षा लढतीची नसून दिवसाची असते. ऑलिम्पिकमध्ये एका गटाचा सगळा निकाल एकाच दिवसात लागतो. सकाळच्या पहिल्या फेरीपासून रात्रीच्या अंतिम फेरीपर्यंत सुवर्णपदकासाठी साधारणपणे 4 लढती जिंकाव्या लागतात. प्रत्येक वेळी शरीर तापवायचे, थंड होऊ द्यायचे, जड होणार नाही इतपत खायचे आणि पुन्हा तापवायचे. वजन आदल्या दिवशी झालेले असते, त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवलेला खेळाडू पहिली लढत निभावतो आणि तिसरीत उघडा पडतो. सर्वांत अवघड अवस्था सकाळी हरलेल्याची. ज्याने आपल्याला हरवले तो अंतिम फेरीत पोहोचला, तरच रेपेचाजमधून, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, कांस्यपदकाची वाट उघडते. म्हणजे आपण पुन्हा खेळणार की नाही हे ठाऊक नसताना तासन्‌तास पाय मोकळे ठेवून बसायचे.

आपल्या मुलीपुरते सांगायचे तर पळणे बंद करू नका. आठवड्यातील दोन दिवस मात्र त्याऐवजी तिच्या वयोगटातील राउंडच्या वेळेइतका पॅडवर सराव, मध्ये 1 मिनिट विश्रांती, असे राउंड करून घ्यावेत असे प्रशिक्षकांना सुचवा. त्या मिनिटात तिने खाली न बसता श्वास लांब सोडायला शिकावे. आणि वाढत्या वयात वजन उतरवून खालच्या गटात खेळवण्याचा आग्रह कोणी धरला, तर साफ नकार द्या.