कंपनी सात टक्क्यांनी वाढली, मग माझे शेअर विकू की ठेवू?

प्रश्न : मी इंदूरची, वय ४३. ॲक्सेंचर या परदेशी आयटी-सल्ला कंपनीत बरीच वर्षं आहे; आधी पुण्यात होते, आता इथूनच घरून काम करते. कंपनीकडून मिळालेले आणि पगारातून १५ टक्के सवलतीने घेतलेले असे २९० शेअर साठले आहेत, आजच्या भावाने साधारण ६० लाखांचे. पीएफमध्ये १९ लाख, म्युच्युअल फंडात ८, एफडीत ५ लाख. निपानियाच्या फ्लॅटवर ३१ लाखांचं कर्ज बाकी आहे, व्याज ८.२ टक्के, हप्ता ३४ हजार. मुलगा अकरावीत, इंजिनीअरिंगला जायचं म्हणतो. यजमान खासगी कॉलेजात शिकवतात. घराचा दोनतृतीयांश खर्च माझ्या पगारावर चालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीचा वार्षिक निकाल आला, उलाढाल विक्रमी आहे. यजमान म्हणतात, भाव पुन्हा ४०० डॉलरला जाईल, शेअरना हात लावू नकोस. दीर म्हणतात, सगळे विका आणि इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर प्लॉट घ्या. मला कर्ज फिटावंसं वाटतं. काय करू?

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. २९० पैकी १६० शेअर येत्या पाच-सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने विका. प्लॉट घेऊ नका. सवलतीत शेअर घेण्याची योजना मात्र चालू ठेवा, फक्त ती वापरायची पद्धत बदला.

यजमानांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. निकाल खरोखरच चांगला आहे. ऑगस्ट २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीची उलाढाल ६९.७ अब्ज डॉलर झाली, आदल्या वर्षीपेक्षा ७ टक्के जास्त. त्याआधीची दोन वर्षं मंद होती : २०२३ मध्ये वाढ ४ टक्के आणि २०२४ मध्ये जेमतेम १ टक्का. २०२२ मधली २२ टक्क्यांची उडी कोविडनंतरच्या डिजिटल कामाच्या लाटेवरची होती, ती दरवर्षी येणारी नव्हे. त्या मानाने सात टक्के म्हणजे गाडी पुन्हा रुळावर आली. कंपनीच्या हातात १०.९ अब्ज डॉलर मोकळी रोकड आली आणि तिमाही लाभांश १० टक्क्यांनी वाढवून शेअरमागे १.६३ डॉलर केला. कंपनी दुबळी आहे म्हणून विका, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

पण त्याच निकालात आणखी दोन-तीन आकडे आहेत, तेही वाचायला हवेत. नवी कंत्राटं ८०.६ अब्ज डॉलरची, आदल्या वर्षीच्या ८१.२ अब्जांपेक्षा किंचित कमी. पुढच्या वर्षासाठी कंपनीने या निकालात स्वतःच दिलेला अंदाज २ ते ५ टक्के वाढीचा होता. शिवाय वाढीचा काही भाग विकत घेतलेला असतो. २०२४ मध्ये या कंपनीने ६.६ अब्ज डॉलर खर्चून ४६ छोट्या-मोठ्या कंपन्या आपल्यात घेतल्या, त्यांची उलाढाल पुढच्या वर्षाच्या आकड्यात मिसळते. सल्ला-सेवेच्या धंद्यात हे चालतंच, यात लपवाछपवी नाही. पण 'सात टक्के' म्हणताना जुन्याच धंद्याची तेवढी वाढ झाली, असं धरून चालू नये.

आता ४०० डॉलरचं बघू, कारण तुमच्या घरातला वाद खरा तिथे अडलाय. २०२१ च्या डिसेंबरअखेर शेअर ४१५ डॉलरच्या आसपास होता. त्या वर्षी कंपनीचा प्रतिशेअर नफा होता ९.१६ डॉलर. म्हणजे एक डॉलर नफ्यासाठी बाजार ४५ डॉलर मोजत होता. चार वर्षांत उलाढाल ५०.५ अब्जांवरून ६९.७ अब्जांवर गेली आणि प्रतिशेअर नफा १२.१५ डॉलर झाला, जवळजवळ तेहतीस टक्क्यांनी वाढला. आणि भाव? निकालानंतर २३५-२४० डॉलर. कंपनी वाढली, नफा वाढला, तरी शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला, कारण बाजार आता एक डॉलर नफ्याचे ४५ ऐवजी २० च्या आतबाहेरच डॉलर देतो. एआयमुळे या धंद्यातली माणसांच्या तासांवरची कमाई किती टिकेल, ही शंका त्या भावात उतरली आहे. ती खरी ठरेल की खोटी, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

यजमानांना कागद-पेन घेऊन बसवा. बाजाराने हाच, म्हणजे वीसपट भाव दिला, तर ४०० डॉलरसाठी प्रतिशेअर नफा २० डॉलर व्हावा लागेल. दरवर्षी ८ टक्क्यांनी नफा वाढला तर त्याला साडेसहा वर्षं लागतील. लवकर व्हायचं तर बाजाराचं मन पुन्हा फिरावं लागेल. तसं होईलही, पण तुमच्या मुलाची पहिली फी दीड-पावणेदोन वर्षांवर आली आहे, ती बाजारासाठी थांबणार नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. डॉलरमध्ये पडझड मोठी दिसते, पण २०२१ च्या शेवटी डॉलर ७४-७५ रुपयांना होता, निकालाच्या सुमारास ८८ च्या वर गेला. त्यामुळे रुपयात तुमचं नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर थांबलं. रुपया दरवेळी असा हात देईलच असं नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमची गुंतवणूक एकूण ९२ लाखांची, त्यातले ६० लाख एका कंपनीत. पगार त्याच कंपनीचा. पीएफही त्याच पगारातून जमलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने कामकाजाच्या फेररचनेसाठी ८६.५ कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला आणि ज्यांना नवी कौशल्यं शिकवणं व्यवहार्य नाही अशांना बाहेरची वाट दाखवत असल्याचं उघडपणे सांगितलं. तुमच्यावर तशी वेळ येईल असं मी म्हणत नाही. पण समजा, धंदा मंदावला, तर ज्या महिन्यात पगार धोक्यात येईल त्याच महिन्यात शेअरही पडलेला असेल. डेलॉइटसारख्या भागीदारांच्या मालकीच्या सल्ला-कंपनीत नोकरी करणाऱ्यासमोर हा प्रश्न येतच नाही, कारण तिचे शेअर बाजारात नाहीत. तुमच्यासमोर येतो, आणि तो आता सोडवायला हवा.

याच कारणाने दिरांचा प्लॉट मला पटत नाही. सुपर कॉरिडॉरला भाव आला तो टीसीएस आणि इन्फोसिसच्या कॅम्पसमुळे, पुढच्या आयटी नोकऱ्यांच्या आशेमुळे. म्हणजे शेअर विकून तुम्ही त्याच आयटी-सेवेच्या धंद्यावर पैसे लावणार, फक्त जमिनीच्या रूपात. आयटीची भरती थंडावली की तिथला गिऱ्हाईकही थांबतो. त्यात रजिस्ट्री आणि मुद्रांक शुल्काचे लाखो रुपये वर, आणि मुलाच्या फीच्या वेळी अर्धा प्लॉट विकता येत नाही. दिरांना म्हणावं, तुमचा हेतू चांगला आहे, पण आमच्या घरात या धंद्याचं वजन आधीच खूप झालंय.

आता कोणते शेअर विकायचे. ब्रोकरच्या पोर्टलवर तुमचे शेअर लॉटप्रमाणे दिसतात : मिळाल्याची तारीख, त्या दिवसाचा भाव, संख्या. तो तक्ता डाउनलोड करून प्रिंट काढा. परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर, सेस धरून १३. भारतीय शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे लागू नाही. खरेदीची किंमत म्हणजे शेअर तुमच्या नावावर आले त्या दिवसाचा बाजारभाव, कारण तेवढ्यावर पगारात कर कापला गेलेला आहे. पुष्कळ जण खरेदी किंमत शून्य धरून एकाच रकमेवर दोनदा कर भरतात, ते टाळा.

उदाहरण घेऊ. समजा २०१७ मधले ६० शेअर १२५ डॉलरचे, तेव्हा डॉलर ६५ रुपयांना. प्रत्येकी ८,१२५ रुपये पडले. आज २०,९०० ला विकलेत तर साठांवर नफा साधारण ७ लाख ६७ हजार. त्याच दिवशी २०२२ च्या सुरुवातीला ३७० डॉलर भावाने मिळालेले ३० शेअर विका. ते साडेसत्तावीस हजाराला पडले होते, म्हणजे तोटा सुमारे २ लाख. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो, कर फक्त ५ लाख ६७ हजारांवर. सव्वीस हजार वाचले. चढ्या भावात मिळालेले शेअर 'तोट्यात कसे विकू' म्हणून लोक धरून बसतात, मी ते पहिले विकायला सांगतो. अशा जोड्या लावून १६० शेअर विकलेत तर एकूण कर दोन लाखांच्या आत बसावा. पहिली विक्री डिसेंबरच्या आधी केली तर १५ डिसेंबरच्या आगाऊ कराच्या हप्त्यात तो धरा, नंतरची १५ मार्चच्या. तुमच्या पदाला खरेदी-विक्री बंदीचे दिवस (ज्या काळात कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर विकता येत नाहीत) लागू असतील तर तेही आधी विचारा. पैसे परदेशी खात्यात लोळत ठेवू नका, १८० दिवसांत भारतात आणायचे असतात.

हाती साधारण ३१-३२ लाख येतील. त्यातले १५ लाख मुलाच्या शिक्षणाचे, आणि ते एफडीतच. शेअर बाजारात नको, डेट फंड हवाच तर अगदी अल्प मुदतीचा. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, म्हणून चार बँकांत थोडे कमी-कमी वाटा. ६ लाख संकटकाळासाठी, आत्ताच्या पाच लाखांच्या एफडीच्या जोडीला. तुमच्यासारख्या मुख्यतः एका पगारावर चालणाऱ्या घराला वर्षभराचा खर्च हाताशी असला तर रात्री झोप लागते. उरलेले १० लाख कर्जात भरा. तुमची इच्छा इथे पुरी होते आणि हिशेबही जुळतो : हप्ता ३४ हजारच ठेवलात तर जे कर्ज अजून बारा वर्षं चाललं असतं ते सातच्या आत फिटेल. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. बँकेत लेखी द्या, 'हप्ता तोच, मुदत कमी'. नाहीतर काही बँका आपणहून हप्ता कमी करून मोकळ्या होतात. पूर्ण कर्ज फेडायचा मोह होईल, तो आवरा. सगळी रोकड भिंतीत गेली तर फीच्या वेळी पुन्हा कर्ज काढावं लागेल, आणि तेही महाग.

उरलेले १३० शेअर, साधारण २७ लाखांचे, राहू द्या. वाढले तर यजमानांचं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद सगळ्या घराला होईल. तेही एकूण बचतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे आहेतच, त्यामुळे यापुढे मिळणारे नवे शेअर नावावर आले की विकत चला.

सवलतीची योजना बंद करू नका. १०० चा शेअर ८५ ला मिळतो. १५ रुपयांच्या सवलतीवर तीस टक्क्यांनी कर गेला तरी १० च्या वर हातात राहतात. मिळताच विका, म्हणजे भावाचा धोका जवळजवळ उरत नाही, आणि ते पैसे भारतातल्या इंडेक्स फंडाच्या एसआयपीत वळवा. आठ लाखांचा म्युच्युअल फंड तुमच्या वयाला अपुरा आहे, तो यातूनच वाढेल.

दोन कामं मात्र विक्री होवो न होवो, याच महिन्यात करा. मागच्या वर्षांच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए, भरलंय का ते सीएकडून तपासून घ्या. त्यात जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरायचं असतं आणि पगारात कर कापला असला तरी ते भरावंच लागतं. न भरल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांच्या आतल्या मालमत्तेला दिलेली सवलत तुमच्या ६० लाखांना लागू होत नाही. आणि ब्रोकरच्या खात्यावर वारस म्हणून यजमानांचं नाव आहे का बघा. परदेशी ब्रोकरकडून कागदपत्रांअभावी पैसे सोडवताना घरच्यांचे किती हाल होतात, ते मी या शहरात जवळून पाहिलं आहे. पोर्टलवर तो रकाना भरायला दहा मिनिटं लागतात. यजमानांना शेजारी बसवूनच भरा, म्हणजे खातं कुठे आहे आणि त्यात काय आहे हे त्यांनाही कळेल.