तुरुंगात असताना पदवी घेता येते का?

हो, येते. भाऊ येरवड्यात आहे असं लिहिलंयत, म्हणून तिथल्या हिशोबानेच सांगतो. बहुतेक कैदी इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकतात. मोठ्या कारागृहांत त्यांची अभ्यासकेंद्रं असतात, परीक्षाही आतच होते. भावाने तुरुंगातल्या शिक्षकांना गाठून अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा. बारावीचं मूळ गुणपत्रक तुम्ही घरून शोधून ठेवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. बारावीच राहिली असेल तर आधी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती करता येते.

विषय बी.ए.चाच घ्यायला सांगा. प्रात्यक्षिकं असलेला विषय आत निभावणं कठीण. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, छापील पुस्तकांवरच सगळी भिस्त. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, झोपेला तो नकोसा होतो, पण परीक्षेच्या दिवसांत कामी येतो!

खटला सुरू असला तरी अडत नाही. 2024मध्ये तळोजा कारागृहातल्या एका कच्च्या कैद्याला मुंबई उच्च न्यायालयाने एलएल.बी.ला प्रवेश घेऊ दिला होता. मात्र नियमित कॉलेज हवं असेल तर वकिलामार्फत कोर्टातच जावं लागेल.