पैसे भरून डाउनलोड केलेला सिनेमा डिस्कइतकाच आपल्या मालकीचा असतो का?

नाही. तुमचं म्हणणं असं, की सिनेमा रीतसर विकत घेतला, फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवली, मग डिस्क घेऊन कपाटात जागा कशाला अडवायची? फाइल तुमच्याकडे असते हे खरंच आहे. पण ती उघडणारी किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

ऑनलाइन दुकानातून उतरवलेली सिनेमाची फाइल बहुतेक वेळा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. ती चालवायला अ‍ॅपला एक डिजिटल किल्ली लागते आणि ती कंपनीचा सर्व्हर देतो. खातं चालू आहे का, या उपकरणाला परवानगी आहे का, हे तपासूनच देतो. अ‍ॅप ती किल्ली साठवून ठेवतं म्हणून नेट नसतानाही सिनेमा दिसतो. पण अनेक सेवांमध्ये तिला मुदत असते, आणि लॅपटॉप बदलला की परवानगी पुन्हा मागावीच लागते. खातं बंद झालं किंवा कंपनीने हा व्यवसायच गुंडाळला, तर ती फाइल आज ना उद्या उघडेनाशी होते.

ब्लू-रे डिस्कसुद्धा एन्क्रिप्टेडच असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फरक इतकाच, की तिच्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या प्लेअरमध्ये कारखान्यातच बसवलेल्या असतात. डिस्क आणि प्लेअर आपसात सगळं उरकतात, सिनेमा बघण्यासाठी बाहेर कुणाला विचारावं लागत नाही. (जुन्या प्लेअरला एखाद्या नव्या डिस्कसाठी सॉफ्टवेअर अपडेट लागू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.)

ही भीती कागदावरची नाही. हॉलिवूडच्या बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाची सेवा आणली होती. विकत घेतलेले सिनेमे कायम एका ठिकाणी जपले जातील, असं तिचं आश्वासन होतं. ३१ जुलै २०१९ रोजी ती बंद झाली. ज्यांनी आपलं खातं वेळेत एखाद्या विक्रेत्याशी जोडलं होतं त्यांचे सिनेमे बरेचसे वाचले. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या सोनीच्या प्लेस्टेशन (गेम कन्सोल) ग्राहकांच्या संग्रहातून स्टुडिओकॅनल या फ्रेंच स्टुडिओचे विकत घेतलेले सिनेमे काढले गेले, कारण सोनीने दिलं ते परवान्याच्या करारांतल्या बदलांचं. ग्राहकाचा त्यात काहीही दोष नव्हता! कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय: ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय, हे विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगायचं.

मला याहूनही जास्त खटकतं ते हे, की असा सिनेमा मित्राला देता येत नाही, विकता येत नाही, मुलांसाठी मागे ठेवता येत नाही. तो खात्याला चिकटलेला असतो. डिस्क सरळ उचलून हातात देता येते.

आता दर्जा. इथे माझं मत ठाम आहे. ४के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात. १५ धरले तर दोन तासांचा सिनेमा साडेतेरा गिगाबाइटमध्ये बसतो. ४के ब्लू-रे डिस्कवर ५०, ६६ किंवा १०० गिगाबाइट जागा असते. उजेडातल्या संवादांच्या प्रसंगात तुम्हाला फारसा फरक जाणवणार नाही. पण धुकं, पाऊस, अंधाऱ्या खोलीतली भिंत, जुन्या फिल्मचा दाणा (चित्रावरची बारीक रवाळ पोत) अशा ठिकाणी कमी बिटरेटची, म्हणजे सेकंदाला कमी डेटा असलेली, प्रत उघडी पडते: अंधारात छटांच्या जागी पट्टे दिसतात आणि दाणा पुसून चेहरे गुळगुळीत होतात. छायालेखकाने ज्या अंधारासाठी मेहनत घेतली, तोच असा खराब झालेला बघवत नाही. आवाजाचंही तेच. डिस्कवर बहुधा काहीही न गाळलेला ट्रॅक असतो, स्ट्रीमिंगवर जवळपास नेहमी काटछाट केलेला.

डिस्क अमर असते असं मात्र समजू नका. काही डिस्क आतून खराब होतात. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या वॉर्नरच्या अनेक डीव्हीडी अशाच निकामी झाल्या आणि कंपनीने ते मान्यही केलं. प्लेअर बनवणारेही कमी होत चाललेत. सॅमसंग २०१९ मध्येच नव्या ब्लू-रे प्लेअरपासून मागे हटली. संगणकावर ४के डिस्क चालवणं तर आणखी अवघड झालंय. त्यासाठी इंटेल प्रोसेसरमधलं एसजीएक्स हे सुरक्षेचं वैशिष्ट्य लागायचं आणि नव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधून ते काढून टाकलंय. म्हणून संग्रह करायचा तर एक चांगला स्वतंत्र प्लेअर आत्ताच घेऊन ठेवा.

मी स्वतः सरसकट डिस्क घेत नाही. एकदा बघून सोडून द्यायचा सिनेमा असेल तर भाड्याने किंवा स्ट्रीमिंगवर बघतो, तिथे मालकीचा प्रश्नच येत नाही. जो सिनेमा मला पुन्हा पुन्हा बघायचा आहे, ज्यावर दिग्दर्शकाचं निवेदन (सिनेमा चालू असताना त्याने सांगितलेली माहिती) ऐकायचं आहे किंवा जो आज या सेवेवर तर उद्या कुठेच नसतो, तो डिस्कवर घेतो. पूर्ण पैसे भरून कुलूपबंद डिजिटल प्रत घेण्याचा पर्याय मला सगळ्यात कमी पटतो. सिनेमाची डिस्कच निघाली नसेल तरच मी तो वापरतो.

एक अपवाद सांगतो. काही स्वतंत्र निर्माते डीआरएम, म्हणजे वर सांगितलेलं डिजिटल कुलूप, नसलेली फाइल विकतात. ती मिळत असेल तर तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. बिनधास्त घ्या, फक्त दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

आणि डिस्क घेतलीत तर प्रदेशाचा कोड (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा) आधी तपासा. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेला तो असू शकतो, ४के डिस्कला नसतो. घरी आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा.