जुनी फेरारी आणि तिचं आजारपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा डोंबिवलीचा, गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे, वय ४७. कॉलेजात असताना भिंतीवर लाल फेरारी एफ३५५चं पोस्टर होतं, ती गाडी डोक्यातून कधी गेलीच नाही. आता मुलीचं शिक्षण झालंय, थोडे पैसे बाजूला पडलेत. एक १९९७ची जीटीएस, म्हणजे छताचा तुकडा काढता येणारी, बघून आलो, मॅन्युअल गिअरबॉक्स, ३१,००० मैल, पेंट एकदम चकाचक, आणि किंमत बाकीच्यांपेक्षा बारा-तेरा हजार पाउंडांनी कमी. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारे टायमिंग बेल्ट शेवटचे २०१६ला बदललेत, पण त्यानंतर गाडी जेमतेम १,१०० मैल चाललीय, त्यामुळे विकणारा म्हणतो बेल्टची काळजी नको. बायको म्हणते गाडी परवडेल रे, पण गाडीचं आजारपण परवडेल का ते बघ. खरा खर्च किती येतो?

उत्तर : तुमच्या मिसेसनी बरोबर तेच विचारलंय जे विचारायला हवं, त्यामुळे हे उत्तर दोघांनी मिळून वाचा. माझ्याकडे १९९६ची बर्लिनेटा, म्हणजे पक्क्या छताची ३५५, अकरा वर्षं आहे, तुमच्यापासून फार लांब नाही, मिडलँड्समध्ये, आणि पहिल्या दिवसापासून तिचं प्रत्येक बिल मी वहीत लिहीत आलोय. पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून आजपर्यंत ४१,००० पाउंड झालेत. भागाकार केला तर वर्षाला ३,७००च्या आसपास येतात, पण त्या सरासरीवर जाऊ नका, कारण असं दरवर्षी सारखं लागत नाही. तीन वर्षं गाडी सात-आठशेत निघते, तुम्हाला वाटतं लोक उगाच घाबरवतात, आणि चौथ्या वर्षी ती एकदम दहा-बारा हजार मागते. दर महिन्याला थोडे बाजूला टाकत गेलात तर हे जमतं. पण गाडी घेतानाच खातं रिकामं झालं असेल तर जमत नाही, आणि मग माणूस बेल्ट पुढे ढकलतो, सर्व्हिस पुढे ढकलतो, आणि अशीच एक गाडी तुम्हाला बारा हजार स्वस्तात मिळतेय असं मला वाटतं.

बेल्टचं नीट समजून घ्या कारण ३५५चा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो. हिचं व्ही-एट इंजिन सीटच्या मागे लांबीच्या दिशेने बसवलंय आणि बेल्टची बाजू केबिनच्या भिंतीकडे येते, तिथे हात घालायला जागाच नाही. म्हणून गाडी वर उचलायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, त्यांना धरणारा मागचा सांगाडा म्हणजे सबफ्रेम, हे सगळं एकत्र खालून बाहेर काढायचं. बेल्ट स्वतः फार महाग नाहीत, पैसे जातात ते मजुरीत. चांगल्या स्वतंत्र स्पेशालिस्टकडे पाच ते सात हजार पाउंड धरून चाला. फेरारीचं शेड्यूल तीन वर्षांचं होतं, बरेच स्पेशालिस्ट पाच म्हणतात, मी चार वर्षांनी करतो आणि शांत झोपतो.

आता विकणारा म्हणतोय चाललीच नाही. अहो, बेल्ट म्हणजे शेवटी रबर, ते मैल मोजत नाही. ताणलेल्या अवस्थेत एकाच जागी वर्षानुवर्षं उभं राहणं त्याला चालण्यापेक्षा वाईट. आणि या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सरकले तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण ४०. साडेतीन लिटर आणि पाच व्हॉल्व्ह, म्हणून तर नाव ३५५. त्या दिवशी जे बिल येईल त्यात साधी चांगली फॅमिली कार येते. २०१६चे बेल्ट असलेली गाडी टेस्ट ड्राइव्हलासुद्धा आठ हजार आरपीएमपर्यंत नेऊ नका.

बेल्टच्या कामात पाणी पंप, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग, सगळे रबरी होज एकाच वेळी करून घ्या, आणि केलेत हे लेखी घ्या. पहिल्या वेळी मला हे कळत नव्हतं. एका गॅरेजने बेल्ट नवे टाकले, बेअरिंग जुनेच ठेवले, दीड वर्षाने थंडीत इंजिन सुरू केलं की बारीक शिटी वाजायला लागली, आणि इंजिन पुन्हा उतरवावं लागलं. त्या पानावर वहीत फक्त आकडा लिहिलाय, पुढे काही लिहायची इच्छाच झाली नाही.

दुसरी मोठी गोष्ट एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे पहिले पाइप. हिचे ओरिजिनल मॅनिफोल्ड आतून तडकतात, ३५५वाल्यांमध्ये यावर दुमत नाही, कधी ते फक्त विचारायचं. वरून उष्णतेचं आवरण असतं त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, थंड इंजिनला टिकटिक असा आवाज येतो, गरम झालं की मेटल फुगून तो बंद होतो. म्हणून बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा गाडी आधी सुरू करून ठेवू नको. बोनेटवर हात ठेवून बघा थंड आहे का, म्हणजे मागच्या बोनेटवर. तिसरी गोष्ट व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. सुरुवातीच्या गाड्यांत ब्राँझचे गाइड लवकर झिजायचे, मग कॉम्प्रेशन जातं, ऑइल जळतं. ते करायचं तर हेड खोलावे लागतात आणि आकडा पाच अंकी होतो. तुमची १९९७ची आहे म्हणून सुटलात असं धरू नका, लीक-डाउन टेस्ट करून घ्या, त्यात प्रत्येक सिलिंडर किती हवा सोडतोय ते दिसतं. दोन-चारशे पाउंड जातील, पण वीस हजार वाचू शकतात.

बाकी छोटं बरंच आहे, डॅशबोर्डचं लेदर उन्हाने आकसतं, मॅग्नेशियमच्या चाकांवर पेंटखाली फोड येतात, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापल्याचा 'स्लो डाउन' दिवा लागतो, पण बहुतेक वेळा कन्व्हर्टर ठीक असतो, त्याचं तापमान मोजणारं युनिट खराब झालेलं असतं. याने झोप उडवून घेऊ नका. लंडनमध्ये नेणार असाल तर मात्र यूलेझचं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणाऱ्या झोनचं, आधी तपासा, नंबर टाकला की कळतं, पात्र नसेल तर दिवसाला साडेबारा पाउंड.

मग कशासाठी करायचं हे सगळं? तुम्ही विचारलं नाहीत, पण खर्च सांगितला आणि हे नाही सांगितलं तर उत्तर अर्धंच राहील. रविवारी पहाटे साडेपाचला मी मॅकल्सफील्डहून बक्स्टनकडे जाणाऱ्या कॅट अँड फिडल रस्त्यावर जातो. तिथे लिमिट ताशी ५० मैलांचं आहे, कॅमेरे आहेत, वेग दाखवायची सोयच नाही, आणि गरजही नाही, कारण दुसऱ्या गिअरमध्ये ५०ला हे इंजिन असं गातं की मानेवरचे केस उभे राहतात. फ्लॅट-प्लेन क्रँक, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, रेडलाइन ८,५००ला, हे सगळं कागदावर वाचलेलं असतं, पण बोगद्यात काच खाली करून ऐकलं की ते शब्द राहत नाहीत. गिअरची दांडी उघड्या स्टीलच्या खाचांतून फिरते, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना होणारा तो खणखणीत टक् आवाज मला अकरा वर्षांत शिळा झालेला नाही. इथे पॉवर फक्त ३८० हॉर्सपॉवरच्या आसपास, आजच्या इलेक्ट्रिक सेडान तिला सिग्नलला सहज मागे टाकतील, पण तुमच्या हातापायांनी काम केल्याशिवाय ही गाडी काही देत नाही आणि केलंत तर सगळं देते. माझी आई नाशिकहून आली होती तेव्हा ७३ वर्षांची, खाली वाकून बसवताना कंबरेचं टेन्शन आलं होतं, आणि परत आल्यावर उतरायलाच तयार नाही, म्हणाली अजून एक चक्कर मार.

तर ३५५ घ्या, ही घेऊ नका. किंवा घ्यायचीच असेल तर बेल्टचे सात हजार आणि मॅनिफोल्डचे पैसे किमतीतून कमी करून, लीक-डाउनचा रिपोर्ट हातात आल्यावरच. नाहीतर बारा हजार जास्त द्या आणि ज्या गाडीची बिलांची फाइल जाडजूड आहे, जी दरवर्षी दोन-तीन हजार मैल चाललीय, ती घ्या, पेंटवर चार ओरखडे असले तरी. आणि गाडी घरी आणाल त्या दिवशी वेगळ्या खात्यात दहा हजार शिल्लक हवेत. नसतील तर एक वर्ष थांबा, पोस्टर इतकी वर्षं थांबलंय.

प्रश्न : दुबईत राहतो, २००३ची ३६० मोडेना आहे. आतली सगळी बटणं गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी चिकट झालीत. काय करू?

उत्तर : त्या काळच्या फेरारींमध्ये प्लास्टिकवर एक मऊ कोटिंग असायचं, उष्णतेने ते विरघळल्यासारखं होतं, दुबईत तर लवकरच. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हळूहळू पुसलं तर निघतं, पण बटणावरची चिन्हंही निघू शकतात, म्हणून आधी न दिसणाऱ्या तुकड्यावर करून बघा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको. बटणं काढून रिफिनिश करणाऱ्याकडे दिलीत तर सगळ्यात उत्तम. एक सांगतो, तुमची गाडी बरी, ३६०मध्ये सीटच्या मागचं पॅनेल काढून बेल्ट बदलता येतात, इंजिन उतरवावं लागत नाही. सचिनला २००२मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून मिळालेली ती लाल गाडी हेच मॉडेल, आपल्याकडे कितीतरी जणांनी फेरारी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा घरात बोलताना ऐकला.

प्रश्न : आमच्या ह्यांची १९८७ची फेरारी ३२८ जीटीएस न्यू जर्सीच्या घरी गराजमध्ये आहे. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ती सुरूच केली नाही. ह्यांनी तिच्या खर्चाची मराठीत वही ठेवली होती, सत्तावीस वर्षांची. मुलगा म्हणतो विकून टाक. मला एकदा तरी स्वतः चालवायची आहे, ह्यांनी शिकवतो शिकवतो म्हटलं आणि राहून गेलं. नुसती बॅटरी बदलून सुरू करून बघू का?

उत्तर : ताई, चावी फिरवू नका, एवढं माझं नक्की ऐका. चार वर्षं थांबलेल्या बेल्टवर स्टार्टर मारायचा नाही. टाकीतलं पेट्रोलही आता पेट्रोल राहिलेलं नाही, त्यातल्या इथेनॉलने पाणी ओढलं असेल, आणि तुमच्या गाडीत के-जेट्रॉनिक म्हणजे मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन आहे, त्याच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ते घाणेरडं पेट्रोल शिरलं तर ते साफ करणं हे वेगळंच काम होऊन बसतं. गाडी टो ट्रकवर, तीही पूर्ण सपाट बेडच्या ट्रकवर, जुन्या फेरारी करणाऱ्या माणसाकडे पाठवा. आधी टाकी रिकामी करून आतून बघायची, फ्युएल फिल्टर आणि होज नवे, ब्रेक ऑइल नवं, इंजिन ऑइल नवं, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून इंजिन हाताने फिरवायचं, आणि बेल्ट बदलल्याशिवाय सुरू करायचं नाही. टायरवर खोल नक्षी दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. चांगली बातमी ही की ३२८मध्ये इंजिन आडवं आहे, बेल्ट मागच्या चाकाच्या बाजूने बदलता येतात, उतरवायची गरज नाही, म्हणून जुन्या फेरारींमध्ये ही सांभाळायला सोपी मानतात.

विकायचं की नाही ते चालवल्यावर ठरवा, मुलाला तेवढं थांबायला सांगा. वहीतला हिशोब मात्र कुठल्याही परिस्थितीत गाडीपासून वेगळा होऊ देऊ नका. उद्या विकलीत तरी वहीची इंग्लिश कॉपी करून बरोबर द्या, ओरिजिनल तुमच्याकडे ठेवा, सत्तावीस वर्षं एकाच हाताने लिहिलेला हिशोब फारच थोड्या गाड्यांना असतो.

आणि चालवायला शिका, नक्की शिका. पहिला गिअर नेहमीच्या जागी नाही, डावीकडे ओढून खाली आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस गराजमध्ये इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, नुसती दांडी फिरवत बसा. क्लच जड आहे, पातळ सोलचे बूट घाला. गाडी थंड असताना दुसरा गिअर पडणार नाही, अडेल, तेव्हा जोर लावू नका, तुमची काही चूक नाही, या गाड्या अशाच. ऑइल गरम होईपर्यंत पहिल्यातून सरळ तिसऱ्यात घाला. ह्यांच्या वहीत पहिल्या काही पानांत हे कुठेतरी लिहिलेलं सापडेल बघा.