पिकासातली १८० जीबीची फोटो-लायब्ररी विंडोज ७ वरून विंडोज ११ वर नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप, डी ड्राइव्हवर १८० जीबी फोटो, थोडे सी ड्राइव्हच्या पिक्चर्समध्ये, आणि सगळी मांडणी पिकासा या गूगलच्या जुन्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, ५१२ जीबीची एसएसडी, त्यात एकच सी ड्राइव्ह. अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, कातरलेले-उजळवलेले फोटो हे सगळं जसंच्या तसं हवं. "फोल्डर उचलून पेनड्राइव्हने नेले तर चालेल ना?"

फोटो जातील. तुम्ही त्यांच्यावर घेतलेली मेहनत बहुतेक मागेच राहील. पिकासा मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही फोटो फिरवला, कातरला, उजळवला, तारा दिला, की त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये होते. दुसऱ्या प्रोग्रामला ती नोंद वाचता येत नाही, म्हणून पिकासात सरळ दिसणारा फोटो इतरत्र आडवा दिसतो. 'सेव्ह' दाबलं असेल तर मात्र बदल फोटोत उतरतो आणि मूळ प्रत 'डॉट पिकासाओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. कॅप्शन आणि टॅग जेपेग फाइलच्या आतच लिहिले जातात, त्यांची काळजी नको. उरले अल्बम आणि चेहऱ्यांची नावं. त्यांचा मुख्य हिशेब पिकासाच्या डेटाबेसमध्ये असतो, आणि तो डी ड्राइव्हवर नाहीच. तो इथे आहे: सी → युजर्स → तुमचं नाव → ॲपडेटा → लोकल → गूगल. त्यात 'पिकासा२' आणि 'पिकासा२अल्बम्स' असे दोन फोल्डर दिसतील. ॲपडेटा लपलेला असतो, त्यामुळे फोल्डर ऑप्शन्समध्ये 'शो हिडन फाइल्स' आधी चालू करा.

म्हणजे न्यायच्या गोष्टी तीन: फोटोंचे फोल्डर, त्यांच्यातल्या लपलेल्या फाइली आणि हे दोन डेटाबेस फोल्डर. शिवाय डेटाबेसमध्ये प्रत्येक फोटोचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहिलेला असतो. पत्ता बदलला की पिकासा तो फोटो हरवला असं धरून चालतो आणि अल्बममधून काढून टाकतो. बाकीचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींचे 'रॉ व्हॅल्यू' पाहा. तिन्ही शून्य असतील तर निवांत. सी५ शून्याहून जास्त असेल तर डिस्कवरचे काही सेक्टर वाचता येईनासे होत आहेत. मग क्रम बदला: ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही असे फोटो आधी कॉपी करा, बाकीचे नंतर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघण्याचा मोह टाळा. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

मग फोटो नेमके कुठे कुठे आहेत ते शोधा. विंडोज ७ मध्ये डावीकडे दिसणारी 'पिक्चर्स' लायब्ररी हा एक फोल्डर नाही, दोन किंवा जास्त फोल्डरांचं एकत्र दृश्य आहे. ती उचलली म्हणजे सगळं आलं असं समजू नका. खरी यादी पिकासाच देतो: टूल्स → फोल्डर मॅनेजर. तिथे ज्या फोल्डरांपुढे खूण आहे ते सगळे कागदावर उतरवा. डेस्कटॉपवरचा 'नवीन फोल्डर (३)' तिथे हमखास निघतो. अल्बम किती आणि चेहऱ्यांची नावं किती हेही लिहून ठेवा, शेवटी ताळा करायला लागेल.

आता पहिली कॉपी, काहीही न हलवता, न आवरता. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ती एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट केलेली आहे याची खात्री करा. जुने पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या जुन्या पद्धतीचे असतात, त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा एडिट केलेला व्हिडिओ नेमका तिथे अडकतो. डिस्क डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा. पुढच्या पॅनलच्या वायरी जुन्या मशीनमध्ये सैल झालेल्या असतात आणि अर्ध्या कॉपीत डिस्क गायब होते. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० एमबी मिळतात, म्हणजे १८० जीबीला कागदावर १ तास ४० मिनिटं. लहान फाइली हजारोंनी असल्यामुळे वेळ याच्या दुप्पट धरा. स्लीप बंद करा. यूपीएस नसेल तर वर्षावार तुकड्यांनी कॉपी करा, म्हणजे वीज गेली तरी कोणता तुकडा पुन्हा करायचा ते कळेल.

कॉपी करताना इथे चुका होतात:

कट-पेस्ट कधीच नाही. फक्त कॉपी.

फोल्डर आख्खा उचला. फोल्डरमध्ये शिरून सगळे फोटो निवडून कॉपी केले तर न दिसणाऱ्या फाइली निवडल्याच जात नाहीत, आणि पिकासाची आयएनआय फाइल तिथेच राहते. "एडिटिंग गेलं" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

डिस्कवर रिकाम्या फोल्डरमध्येच टाका. दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावं सारखीच असतात, आणि विंडोज 'रिप्लेस करू का' विचारतो तेव्हा कंटाळून हो म्हटलं की २००९ ची सहल २०१२ च्या बारशाखाली गाडली जाते. बाहेरच्या डिस्कवर वरच्या फोल्डरचं नाव मात्र आखूड ठेवा, 'जुना' पुरे. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की एक्सप्लोरर ती फाइल नाकारतो.

झिप करू नका. विंडोज ७ च्या अंगभूत झिपला देवनागरी नावं चालत नाहीत, 'गणपती २०११' वर ते अडून बसतं. साध्या कॉपीला देवनागरीचं काही वावडं नाही.

एक्सप्लोररऐवजी टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलं तर बरं. 'व्हेरिफाय' चालू ठेवलं की कॉपी झाल्यावर ते प्रत पुन्हा वाचून मूळ फाइलींशी जुळवतं आणि न जुळलेल्या वेगळ्या दाखवतं. पिकासा पूर्ण बंद करून डेटाबेसचे दोन फोल्डरही याच वेळी घ्या. शेवटी मूळ आणि प्रत यांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइटमधला 'साइज' जुळवा. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, त्याकडे लक्ष देऊ नका.

ही प्रत आता न शिवायची. यापुढे जुन्या मशीनवर एकच बदल करायचा. सी ड्राइव्हवर पिक्चर्समध्ये किंवा डेस्कटॉपवर जे थोडे फोटो आहेत ते पिकासाच्या आतूनच, 'मूव्ह फोल्डर' वापरून, डी वर हलवा. एक्सप्लोररमधून हलवलेत तर पिकासाला पत्ता कळणार नाही. हे का करायचं? नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज ११ युजर फोल्डरला तुमच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून देतो. म्हणजे सी → युजर्स → अमुक → पिक्चर्स हा जुना पत्ता तिथे तयारच होत नाही. हलवून झालं की पिकासा बंद करून डी वरचे फोटो आणि डेटाबेस यांची दुसरी कॉपी त्याच बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. दोन प्रती मिळून ३६० जीबी, १ टीबीत आरामात बसतात. नव्या मशीनवर ही दुसरी प्रत न्यायची.

आता लॅपटॉप. बाहेरची डिस्क लावण्याआधी डी ड्राइव्ह तयार करा, नाहीतर डी हे अक्षर ती बाहेरची डिस्कच पटकावते. स्टार्टवर राइट क्लिक → डिस्क मॅनेजमेंट → सी वर राइट क्लिक → श्रिंक व्हॉल्यूम. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजला सुमारे ४७६ जीबी दिसते. त्यातून २५० जीबी काढायचे तर आकडा एमबीत द्यावा लागतो: २५६०००. मोकळ्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, अक्षर डी. श्रिंकमध्ये फारच कमी जागा देऊ करत असेल तर न हलणाऱ्या सिस्टिम फाइली मध्ये आल्या आहेत. हायबरनेशन आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

फोटो डी वर अगदी जुन्याच पत्त्यावर ठेवा, फोल्डरच्या नावातलं एक अक्षरही न बदलता. विंडोजच्या पिक्चर्समध्ये टाकू नका. विंडोज ११ तो फोल्डर बरेचदा परस्पर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला, जोडून टाकतो. फुकटात मिळतात ५ जीबी, तुमचे आहेत १८०. पुढे जागा भरल्याच्या सूचना आणि ढगाच्या खुणा यांत फोटो मशीनवर आहे की नाही तेच समजेनासं होतं.

कॉपी झाल्यावर फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डर ताडून पाहणारं सॉफ्टवेअर घ्या, डावीकडे बाहेरची डिस्क, उजवीकडे डी, तुलनेचा प्रकार 'फाइल कंटेंट'. वेळ लागतो, पण प्रत्येक बाइट तपासला जातो. फक्त 'कंपेअर' दाबायचं, 'सिंक्रोनाइज' नाही.

पिकासाचा आधार गूगलने १५ मार्च २०१६ ला थांबवला, त्यामुळे इन्स्टॉलर अधिकृतपणे मिळत नाही. जुन्या मशीनच्या डाउनलोड्समध्ये तो बहुधा पडलेला असेल, तोच वापरा. भलत्या साइटवरून घेतलेल्या इन्स्टॉलरबरोबर नको ते पाहुणे येतात. ३.९ ही शेवटची आवृत्ती विंडोज ११ वर चालते. इन्स्टॉल करा पण उघडू नका. आधी 'पिकासा२' आणि 'पिकासा२अल्बम्स' नव्या युजरच्या ॲपडेटा → लोकल → गूगल मध्ये ठेवा आणि मगच उघडा. चुकून आधी उघडलंत आणि 'कॉम्प्युटर स्कॅन करू का' असा प्रश्न आला, तर बंद करा, नव्याने तयार झालेले ते दोन फोल्डर काढून टाका आणि जुने ठेवा. मग कागदावरच्या आकड्यांशी अल्बम आणि नावं ताडून पाहा.

एक्सप्लोररमध्ये सगळ्या फोटोंची 'डेट क्रिएटेड' आजची दिसेल, घाबरू नका. ती प्रत तयार झाल्याची तारीख. कॅमेऱ्याने नोंदवलेली 'डेट टेकन' फाइलच्या आत सुरक्षित असते. अपवाद व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा. त्यांच्यातली ही आतली माहिती पाठवतानाच गळून जाते आणि तारीख फक्त फाइलच्या नावात उरते (२०१७०८२३ म्हणजे २३ ऑगस्ट २०१७). म्हणून त्या फाइलींची नावं बदलायचा उत्साह दाखवू नका.

पिकासा उघडलं म्हणून थांबू नका. ते उद्या एखाद्या विंडोज अपडेटनंतर चालेनासं झालं तर अडकून पडाल, म्हणून त्यातली माहिती फोटोंच्या आत उतरवून घ्या. टूल्स → ऑप्शन्स → नेम टॅग्ज मध्ये 'स्टोअर नेम टॅग्ज इन फोटो' चालू केलं की नावं जेपेगच्या आत लिहिली जातात आणि डिजिकॅमसारख्या प्रोग्रामला चेहऱ्यांसकट वाचता येतात. आधीच दिलेल्या नावांसाठी टूल्स → एक्सपेरिमेंटल मधलं 'राइट फेसेस टू एक्सएमपी' चालवा. एडिट केलेल्या फोल्डरांवर 'सेव्ह' करा. मूळ प्रती वेगळ्या ठेवल्या जात असल्याने जागा वाढेल, २५० जीबी त्यासाठीच. आधी एका लहान फोल्डरवर करून पाहा. अल्बम मात्र फोटोत लिहिता येत नाही. महत्त्वाच्या अल्बममधले सगळे फोटो निवडून त्यांना अल्बमच्याच नावाचा टॅग द्या, तो कुठल्याही प्रोग्रामात शोधता येतो.

गूगल फोटोज या वाहतुकीसाठी कामाचं नाही. १५ जीबी फुकट, त्यातही जीमेलचा वाटा, आणि पिकासाचे अल्बम तिथे जात नाहीत.

डुप्लिकेट काढायचे असतील तर आता, नव्या मशीनवर, आणि बाहेरची डिस्क सुरक्षितपणे काढून कपाटात ठेवल्यावर. एसएसडीवरून पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेली जागा खरोखर रिकामी करण्याची एसएसडीची सोय) रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा सापडत नाही, जुन्या हार्ड डिस्कवर जी आशा असायची ती इथे धरू नका. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून छापून ठेवा. ती नसेल तर मशीन बिघडल्यावर दुकानदारालाही डिस्क वाचता येणार नाही.

जुना डेस्कटॉप निदान तीन महिने तसाच राहू द्या, प्लग काढून. नंतर भंगारात देताना त्याची डिस्क १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह मिळणाऱ्या साटा-यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा (साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही), साइज आणि नाव दोनदा बघा, आणि 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, क्विक फॉरमॅटमध्ये फोटो तसेच राहतात.