रशियन शब्द डोक्यात राहतच नाहीत, काय करू? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परकी भाषा शिकण्यावर लिहिलं होतं, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न रशियनवर आले. आपल्या सांगली-मिरजेतली कितीतरी पोरं एमबीबीएसला तिकडं जातात, द्राक्षाचा मालही जातो, त्यामुळं हे होणारच होतं. सगळे प्रश्न घेता येत नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मला रशियात मेडिकलला ॲडमिशन मिळालीय. कोर्स इंग्लिशमध्ये आहे पण वॉर्डमध्ये पेशंटशी रशियनच बोलावं लागतं असं सीनियर सांगतात. मी रोज पन्नास शब्द वहीत दहा-दहा वेळा लिहिते आणि चार दिवसांनी निम्म्याहून जास्त विसरलेले असतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? (विद्यार्थिनी, मिरज)

अगं नाही, स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, पद्धत बदलायला पाहिजे. दहा वेळा लिहिताना पहिल्यांदा तू शब्द बघतेस आणि उरलेल्या नऊ वेळा हात चालतो, डोकं चालत नाही, कारण शब्द समोरच असतो, आठवायचं कामच पडत नाही. आणि शब्द पक्का होतो तो आठवताना. मी वर्गात हेच पुन्हा पुन्हा सांगते, की शब्द डोक्यात घालायला जेवढा वेळ देता तेवढाच तो डोक्यातनं बाहेर काढायला द्या, खरं म्हणजे जास्तच द्या.

हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवर प्रयोग करून 1885 साली हे मांडलं होतं, पाठ केलेलं सुरवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग कमी होत जातो, आणि मधे अंतर टाकून उजळणी केली तर एका बैठकीत घोकण्यापेक्षा कमी कष्टात काम होतं. म्हणजे आज शिकलेला शब्द उद्या विचारायचा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. हा हिशोब ठेवायला अंकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. मोबाईल हातात घेतला की रील्स बघत बसायला होत असेल तर कागदाची कार्डं कर, बुटाच्या खोक्यात पाच कप्पे कर, शब्द बरोबर आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि पुढचे कप्पे जास्त जास्त दिवसांनी. ही सेबास्टियन लाइटनरची पद्धत, पन्नास वर्षं जुनी आहे आणि आजही चालते.

कार्डावर एका बाजूला मराठी किंवा चित्र आणि दुसऱ्या बाजूला रशियन, आणि विचारायचं मराठीकडून रशियनकडं. उलटं सोपं जातं, शब्द बघितला की "हां माहितीय" वाटतं, पण पेशंटसमोर उभी राहशील तेव्हा तोंडातनं यायला पाहिजे ना. उत्तर मोठ्यानं म्हण, मग कार्ड उलट, आधी नाही. चार-पाच सेकंद आठवत नाही म्हणून त्रास होतो तो होऊ दे, तिथंच शब्द बसत असतो.

पन्नास शब्द फार होतात. नवे दहा घे, बाकीचा वेळ जुन्यांना. परदेशी लोकांसाठी रशियनची जी सरकारी परीक्षा आहे तिच्या पहिल्या पायरीला साधारण 780 शब्द लागतात, दुसरीला 1300 आणि त्याच्या पुढच्या पायरीला 2300. रोज दहा म्हणजे तीन महिन्यांत नऊशे, तू विमानात बसायच्या आधी पहिली पायरी ओलांडलेली असशील.

आणि सुटे शब्द कमी, वाक्यं जास्त. 'ग्द्ये बालीत?' म्हणजे कुठं दुखतंय, 'अत्क्रोयते रोत' म्हणजे तोंड उघडा, 'दिशिते' म्हणजे श्वास घ्या, 'उ वास बालीत गलवा?' म्हणजे तुमचं डोकं दुखतंय का. डोक्याच्या जागी हात, पोट, दात घालून बघ, एका वाक्यातनं सगळं शरीर शिकून होतंय.

प्रश्न : मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक, नातीबरोबर हौसेनं रशियन शिकतो आहे. अनेक शब्द ओळखीचे वाटतात. या साम्याचा पाठांतराला उपयोग करावा का? (एक वाचक, वाई)

सर, सातारा जिल्ह्यातनं तुमचं पत्र आलं, फार आनंद झाला, आणि उत्तर आहे की जरूर करा, तुमच्याकडं जे भांडवल आहे ते वर्गातल्या कुणाकडंच नसतं. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या आहेत. ब्रात म्हणजे भ्राता, मात म्हणजे माता, द्येन म्हणजे दिन, द्वा, त्री तर सांगायलाच नको. अगोन अग्नी, न्येबा नभ (तिकडं अर्थ आकाश), ज़िमा म्हणजे हिवाळा, तो आपल्या हिमाचा भाऊ. नोवी नवा, सुखोय सुका, म्योत म्हणजे मध, द्वेर म्हणजे दार. खोकल्याला ते काशिल म्हणतात आणि आयुर्वेदात कास आहेच. उंदीर मिश, आपला मूषक.

मला सगळ्यात आवडतात ते घरातले. नवऱ्याचा भाऊ द्येविर, आपला दीर. विधवा व्दवा. नवऱ्याची आई स्विक्रोफ, ती श्वश्रू. सुनेला जुना शब्द स्नाखा, तो सरळ स्नुषा, आणि आपली सूनही स्नुषेवरनंच आली. पण इथंच एक जागा सांभाळायची, रशियन 'सीन' (यातला ई जीभ मागं ओढून म्हणायचा) म्हणजे मुलगा, तो संस्कृत सूनु. नातीला तुम्ही सूनु आणि स्नुषा दोन्ही एकदम सांगितलं तर तिचा गोंधळ कधी व्हायचा नाही.

साखरेला ते साखरच म्हणतात, पण ती घराण्यातली नाही, ती शर्करा व्यापारातनं ग्रीकांकडं गेली आणि तिथनं फिरत उत्तरेला पोचली. आठवणीत ठेवायला मात्र दोन्ही सारखीच उपयोगी.

मर्यादा एवढीच की असे शब्द मोजून शे-दोनशे, आणि रोजच्या बोलण्यातले बरेचसे याच्या बाहेरचे. त्यांना ओढूनताणून धातू लावत बसू नका, वेळ जातो. तिथं पुढच्या उत्तरातली युक्ती चालते.

प्रश्न : ज्या शब्दांचा मराठीशी काहीच संबंध नाही ते कसे लक्षात ठेवायचे? (बऱ्याच जणांचा, कराड, विटा, सांगली)

आवाजाचा आकडा, म्हणजे हूक, लावायचा. रशियन शब्द कानाला ज्या मराठी शब्दासारखा लागतो तो धरायचा आणि दोघांचं एक चित्र डोळ्यासमोर आणायचं. डोंगराला रशियनमध्ये 'गरा' म्हणतात, तर फणसाच्या गऱ्यांचा डोंगर बघा. हाताला 'रुका', चौकातला पोलीस हात वर करून रुका म्हणतोय. पूल म्हणजे 'मोस्त', आपल्या आयर्विन पुलावर संध्याकाळी वारं खात उभं राहा आणि मस्त म्हणा. काट्याच्या चमच्याला 'वील्का', विळी आठवा. कप 'चाश्का', चषक आठवा. चित्र जेवढं विचित्र तेवढं चांगलं, आणि ते स्वतःचं स्वतः करा, माझं उसनं घेतलेलं लवकर पुसलं जाईल.

हे नुसतं करमणुकीचं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ॲटकिन्सन आणि रॉ या दोघांनी 1975 साली नेमके रशियन शब्दच घेऊन हे तपासलं होतं, 120 शब्द, असे आवाजाचे हूक लावून शिकणाऱ्यांना परीक्षेत 72 टक्के आले, नुसतं पाठ करणाऱ्यांना 46. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत, सहा आठवड्यांनी परत विचारलं तेव्हा पहिल्यांचे 43 टक्के राहिले होते आणि दुसऱ्यांचे 28. म्हणजे हूकनं शब्द आत येतो, तो टिकवायला वरची अंतराअंतरानं विचारायची पद्धत लागतेच.

प्रश्न : आमचा द्राक्ष-बेदाण्याचा व्यवसाय आहे, रशियाच्या पार्टीशी फोनवर चार शब्द त्यांच्या भाषेत बोलावेसे वाटतात. वय बावन्न. लिपी न शिकता, देवनागरीत शब्द लिहून घेऊन जमेल का? (बागायतदार, तासगाव)

दादा, आधी चांगलं सांगते. तुमच्या जिभेला रशियन जड जायची नाही. त्यांचा त आपल्या त सारखाच दातावरचा आहे, आणि इंग्रजी माणूस ज्याच्यावर अडखळतो तो 'त्स' आपण चाक, चोर, चमचा म्हणताना जन्मापासून म्हणतोय. किंमत म्हणजे 'त्सिना', तुम्ही पहिल्या फटक्यात बरोबर म्हणाल.

पण लिपी शिकाच. अक्षरं फक्त 33 आहेत, आठ-दहा दिवस संध्याकाळी अर्धा तास बसलात तर वाचायला येतील. फसवणारी थोडीच आहेत, इंग्रजी बी सारखं दिसतं ते व, एच सारखं ते न, पी सारखं ते र, सी सारखं ते स. त्यामुळं रेस्टॉरंटची पाटी आपल्याला पेक्टोपाह अशी दिसते आणि प्रत्यक्षात ती 'रेस्तरान' असते. देवनागरीत लिहून घेतलं की खोक्यावरचं लेबल, मेसेज, बिल काहीच वाचता येत नाही, आणि शब्द दुसऱ्यांदा भेटायची संधी हुकते. सुरवातीला आधाराला देवनागरी लिहा, महिन्याभरात सोडा.

एक मात्र शब्दाबरोबरच शिका, जोर कुठं पडतो ते. ज्या ओ वर जोर नाही तो आ सारखा होतो, लिहिताना मोलोको आणि बोलताना 'मलाको', म्हणजे दूध. जोर हलला की अर्थच बदलतो, ज़ामक म्हणजे किल्ला आणि ज़मोक म्हणजे कुलूप. म्हणून कार्डावर जोराच्या अक्षरावर लाल खूण करा.

तुमच्या कामाचे शब्द: द्राक्ष विनाग्रात, बेदाणा इज़्यूम, खोकं याश्शिक, वजन व्येस. आकडे कधीही एकटे पाठ करू नका, वस्तूला लावूनच म्हणा, कारण 1 ला याश्शिक, 2, 3, 4 ला याश्शिका, 5 पासून 20 पर्यंत याश्शिकफ, आणि 21 ला परत याश्शिक. नियम वाचून डोकं गरगरतं, पण माल मोजताना मोठ्यानं म्हणत गेलात तर आठवडाभरात कानाला चुकीचं चुकीचं वाटायला लागेल. वयाचं मनातनं काढा, रोज तोच माल आणि तेच शब्द हाताखालनं जातात, एवढी उजळणी कॉलेजच्या पोरांना मिळत नाही.

प्रश्न : ॲपवर खूप दिवस करतोय, नामं येतात पण क्रियापदं सगळी सारखीच वाटतात आणि प्रत्येकाची दोन-दोन रूपं, वैताग आलाय. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

वैताग येणारच, रशियनचा खरा चढ इथंच आहे. दोन रूपं वेगवेगळी पाठ करू नकोस, जोडी म्हणून एकाच कार्डावर घे. मराठीत आपण 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यात फरक करतो ना, साधारण तसाच, चितात म्हणजे वाचणं चालू आहे, प्रचितात म्हणजे वाचून झालं. द्येलत करत असणं, ज़्देलत करून टाकणं. काही जोड्या अगदी वेगळ्या दिसतात, गवरीत आणि स्कज़ात, बोलणं आणि सांगून टाकणं, त्या तशाच घ्यायच्या.

दुसरं म्हणजे उपसर्ग. शाळेत हार वरनं आहार, विहार, प्रहार, संहार केलेलं आठवत असेल. रशियन सगळी अशीच बांधलेली आहे. 'खोद' म्हणजे चाल, त्याला पुढं 'व' लावला की आत जायचा रस्ता, 'वी' लावला की बाहेर पडायचा, 'पेरे' लावला की ओलांडायचा, मॉस्कोच्या मेट्रोत या तीन पाट्या जागोजागी दिसतात (बोलताना शेवटचा द त सारखा ऐकू येतो). तसंच 'पिसात' म्हणजे लिहिणं, त्यात 'पद' लावलं की सही करणं, 'ज़ा' लावलं की टिपून ठेवणं, 'आ' लावलं की वर्णन करणं. दहा-बारा उपसर्ग नीट समजून घे, पुढं नवा शब्द आला की निम्मा ओळखीचाच असतो. ॲप हे बहुतेक वेळा समजावून सांगत नाही, त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक उघडावंच लागतं.

प्रश्न : मुलांना एका दिवशी सगळे रंग, एका दिवशी सगळे प्राणी असं शिकवू का? (गृहिणी, इस्लामपूर)

नको वहिनी. पुस्तकं तशीच असतात, पण सारखे शब्द एकदम घेतले की ते एकमेकांत मिसळतात, हिरवा कुठला आणि पिवळा कुठला हे पोरं महिनाभर विचारत राहतात. एक रंग, एक प्राणी, एक खायची वस्तू, एक काम असं मिसळून द्या, आणि त्यांचं छोटं वाक्य करा. गट करायचे ते सगळे शब्द येऊन गेल्यावर.

प्रश्न : जवळपास रशियन शिकवतात कुठं? आमच्या खेड्यात बोलायला कोण भेटणार? (तरुण वाचक, वाळवा तालुका)

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात रशियन शिकवतात, आणि पुण्याला जाणं जमत असेल तर रानडे इन्स्टिट्यूट आहे. दोन्हीकडं फोन करून सर्टिफिकेट कोर्सच्या तारखा विचारून घ्या. तुमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे 1961 साली रशियाला जाऊन आले आणि 2022 मध्ये मॉस्कोतल्या परकी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, त्यामुळं वाळव्याच्या पोरानं रशियन शिकायचं म्हटलं की मला मनापासून बरं वाटतं.

बोलायला कुणी नसेल तर आज शिकलेल्या शब्दांची पाच वाक्यं करून मोबाईलमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, आठवड्यानं ऐका, ऐकायच्या आधी तीच वाक्यं न बघता परत म्हणून बघा. दोघं-तिघं असाल तर व्हॉट्सॲपवर ग्रुप करून व्हॉइस मेसेजमध्येच बोला, टाइप करायचं नाही. मला पाठवलेत तरी चालेल, मासिकाच्या पत्त्यावर कळवा, जोर कुठं चुकतोय तेवढं ऐकून सांगते.